दगडात मांडलेले दावे : आल्कोबासा ते बाताल्या

पहिला दिवस : लिस्बन ते आल्कोबासा

पोर्तुगालच्या मध्ययुगातल्या राजांपैकी बरेच जण राजधानीत नाहीत. ते गावोगावच्या मठांत पुरलेले आहेत. त्यातले दोन मठ, आल्कोबासा आणि बाताल्या, एकमेकांपासून जेमतेम वीस किलोमीटरवर आहेत आणि दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत. लिस्बनला येणारे बहुतेक जण एका दिवसाच्या सहलीत दोन्ही उरकतात, वर नाझारेच्या लाटाही बघून येतात. आम्हाला तसं नको होतं. आई आणि मी दोघी ठरवूनच आलो होतो की थडगी बघायची आणि सावकाश बघायची.

याचं कारण वसई. आमच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज थडग्यांच्या शिळा आहेत. छप्पर कधीच गेलंय, पावसाळ्यात अक्षरांत शेवाळ भरतं. लहानपणापासून त्या शिळांवरून चालत आले. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, पण हे लोक इथेच राहिले, कायमचे. ज्यांच्या नावाने हे सगळे समुद्र ओलांडून आले ते राजे स्वतः कुठे आणि कसे निजलेत, हे बघायची इच्छा फार जुनी.

लिस्बनहून बसने दोनएक तास. शहर मागे पडलं की सफरचंदाच्या आणि पेअरच्या बागा लागतात. आल्कोबासाची सफरचंदं सगळ्या देशात नावाजलेली. या भागात शेती मार्गी लावण्यात सिस्टर्शियन या साधेपणा पाळणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या साधूंचा मोठा वाटा. पाणी वळवणं, दलदल उपसणं, बागा लावणं ही कामं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केली.

बस स्टँडवरून चालत चौकात आलो आणि मठाचं तोंड समोर उभं राहिलं. दोन मनोरे, मधे पुतळे, मोठ्या पायऱ्या. हा दर्शनी भाग अठराव्या शतकातला, बरोक पद्धतीचा. त्यात मूळचा फक्त मधला दरवाजा आणि वरची गोल खिडकी. बाहेरून बघून आतल्या जागेची काहीच कल्पना येत नाही, आणि मला वाटतं ते चांगलंच आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा आत जायची वेळ संपत आली होती. चौकातच बसून मातीच्या भांड्यात शिजवलेली इथली प्रसिद्ध कोंबडी खाल्ली, आणि अंड्याच्या पिवळ्या बलकाची आणि साखरेची एक मिठाई. मठांतून निघालेल्या मिठाया पोर्तुगालभर अशाच बलकाच्या. आईला गोव्याची बेबिंका आठवली, आणि ते बरोबरच आहे, तीही त्याच घराण्यातली.

दुसरा दिवस : पेद्रो आणि इनेस

दार उघडताच आत गेलो. पहिली जाणीव होते ती उंचीची आणि मोकळेपणाची. १०६ मीटर लांब, २० मीटर उंच, आणि काहीही नाही. चित्रं नाहीत, सोनं नाही, भिंतींवर नक्षी नाही. मधलं दालन अरुंद, बाजूची दोन दालनं जवळजवळ तेवढीच उंच, त्यामुळे खांबांच्या रांगांमधून नजर थेट वेदीपर्यंत जाते. पहिला राजा अफोन्सो हेन्रिक याने ११५३ मध्ये ही जमीन क्लेरव्होच्या बर्नार्डच्या पंथाला, म्हणजे सिस्टर्शियनांना दिली. बांधकाम ११७८ मध्ये सुरू झालं, चर्चची प्रतिष्ठापना १२५२ ची. बर्नार्डच्या लोकांना शोभा नकोच होती. देवाकडे जाताना मधे कशातही मन अडकू नये, एवढाच त्यांचा हिशेब.

आणि अशा या नक्षी नाकारणाऱ्या घरात पोर्तुगालमधली सर्वांत नक्षीदार दोन थडगी आहेत.

चर्चचा आराखडा क्रूसाचा. त्याच्या आडव्या भुजांमध्ये, उजवीकडे राजा पहिला पेद्रो, डावीकडे इनेस द कास्त्रो. दोघांचे पाय एकमेकांकडे, मधे सगळ्या चर्चची रुंदी. अंतिम न्यायाच्या दिवशी उठून बसले की दोघांना पहिल्यांदा एकमेकांचाच चेहरा दिसावा म्हणून अशी मांडणी, असं सगळीकडे सांगतात. मुळात ती शेजारी शेजारी होती, अठराव्या शतकात दुसऱ्या दालनात हलवली गेली आणि आताची समोरासमोरची जागा १९५६ पासूनची आहे. हे कळल्यावर गोष्टीतलं काही कमी होतं असं मला वाटलं नाही. सहाशे वर्षांनंतरही लोकांना ही दोघं समोरासमोर असावीत असं वाटलं, हीसुद्धा इतिहासाचीच गोष्ट आहे.

हकिकत थोडक्यात अशी. पेद्रो युवराज होता. त्याची बायको कोन्स्तान्सा कास्तीलहून, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या शेजारच्या राज्यातून आली, तिच्यासोबत सखी म्हणून गालिसियातल्या सरदारघराण्यातली इनेस आली. पेद्रोचं मन इनेसवर बसलं. कोन्स्तान्सा वारल्यावरही त्याने दुसरं राजघराण्यातलं लग्न केलं नाही, इनेससोबतच राहिला, मुलं झाली. तिचे भाऊ महत्त्वाकांक्षी होते. कास्तीलच्या राजकारणात युवराज ओढला जाईल आणि कोन्स्तान्साच्या मुलाच्या, म्हणजे नातवाच्या हक्काला धोका होईल, असं बाप चौथा अफोन्सो याच्या दरबाऱ्यांनी त्याच्या मनात भरवलं. ७ जानेवारी १३५५ रोजी कोइंब्रामध्ये, पेद्रो घरी नसताना, तिला मारलं. पेद्रोने बापाविरुद्ध शस्त्र उचललं, आईने मधे पडून समेट घडवला. १३५७ मध्ये तो राजा झाला. मारेकऱ्यांपैकी दोघांना कास्तीलकडून परत मिळवून त्याने सांतारेंमध्ये त्यांची काळजं उपटून काढायला लावली. तिसरा निसटला.

पण माझ्या दृष्टीने त्याचं खरं काम यानंतरचं. १३६० मध्ये त्याने जाहीर केलं की इनेसशी त्याचं गुपचूप लग्न झालं होतं. मग तिचा देह कोइंब्राहून इथे आणवला. पुढच्या शतकात लिहिणारा बखरकार फेर्नांव लोपिश सांगतो की सगळ्या वाटेवर लोक पेटत्या मेणबत्त्या घेऊन उभे होते. मेलेल्या इनेसला सिंहासनावर बसवलं आणि दरबाऱ्यांना तिच्या हाताचं चुंबन घ्यायला लावलं, ही जगभर ऐकवली जाणारी गोष्ट मात्र लोपिशमध्ये नाही. ती नंतर रचली गेली. मला तिची गरजही वाटत नाही. कारण राज्याभिषेक झालेला आहे, तो डोळ्यांसमोर आहे. दगडातल्या इनेसच्या डोक्यावर मुकुट आहे.

त्या मुकुटाजवळ मी खूप वेळ उभी होते. मऊ, दुधाळ चुनखडीचा दगड, कोइंब्राकडचा. सहा देवदूत तिला सावरून धरताहेत, जणू उठवून बसवणार आहेत. एका हातात हातमोजे, दुसऱ्या हाताची बोटं गळ्यातल्या माळेपाशी. पेद्रोच्या पायाशी कुत्रा, हात तलवारीवर, कुरळी दाढी. कोरणारे कोण होते, त्यांची नावं कुणालाच ठाऊक नाहीत.

पेट्यांच्या कडा वाचायला लागतात. इनेसच्या बाजूंवर ख्रिस्ताचं जीवन आहे, डोक्याशी क्रूसारोहण, पायाशी अंतिम न्याय. त्या न्यायाच्या पट्टीत खाली थडग्यांची झाकणं ढकलून माणसं उठताहेत, पुण्यवान जिन्याने वर चढताहेत, पापी एका अक्राळविक्राळ जबड्यात कोसळताहेत. पेद्रोच्या पेटीवर संत बार्थोलोम्यूचं हौतात्म्य, कातडी सोलून मारलेला संत, आणि डोक्याच्या बाजूला एक चक्र. जीवनाचं आणि दैवाचं चक्र. आतला फेरा, बाहेरचा फेरा, प्रत्येक खणात चिमुकली माणसं. जवळ बसलेलं जोडपं, पटावर खेळणारं जोडपं, मग मारहाण, मग कफनात गुंडाळलेला माणूस. अभ्यासक त्यात दोघांचंच आयुष्य वाचतात. ‘जगाच्या अंतापर्यंत’ अशा अर्थाची अक्षरंही पेद्रोच्या थडग्यावर आहेत.

खाली वाकून बघितलं तर पेद्रोची पेटी सिंहांनी पेललीय. इनेसची मात्र माणसाची तोंडं असलेल्या जनावरांनी. तेच तिचे मारेकरी, असं लोक सांगतात. आई पेटीभोवती फिरून आली आणि म्हणाली, “तिच्यावर सगळं येशूचं कोरलंय बघ. नाव ठेवायला जागाच ठेवली नाही त्याने.” हे मला आधी सुचलं नव्हतं. जिला दरबाराने रखेल म्हणून मारलं, तिच्या चारी बाजूंना त्याने सुळावरचा ख्रिस्त, न्यायनिवाडा आणि स्वर्गाचा जिना उभा केला. हे थडगं शोकासाठी तर आहेच, पण त्याहून जास्त ते एक कागदपत्र आहे. यावर सही राजाची आहे आणि साक्षीदार देव आहे.

पेट्यांच्या बऱ्याच आकृत्यांना डोकी नाहीत. १८१०-११ च्या सुमारास नेपोलियनच्या सैनिकांनी ऐवजाच्या आशेने दोन्ही फोडल्या. तुटल्या कडा तशाच ठेवल्यात, नवा दगड घालून सजवलेल्या नाहीत. ते योग्य केलंय.

बाजूच्या दालनात दुसरी राजथडगी आहेत. दुसरा आणि तिसरा अफोन्सो चर्चमध्येच, राण्या आणि मुलं या दालनात. तेराव्या शतकातली एका राणीची पेटी फार गंभीर आणि सुंदर आहे, पण तिच्यापाशी आमच्याशिवाय कुणीच थांबलं नाही. लोक पेद्रो-इनेससाठी येतात आणि जातात.

दुपारी मठाच्या ओवऱ्या. दिनिश राजाच्या काळातल्या, १३०८ ते १३११ दरम्यान बांधलेल्या. त्या अंगणात साधू बोलत नसत. भोजनगृहाच्या भिंतीतच जिना कोरून वर एक सज्जा केलाय, जेवण चालू असताना एक साधू तिथे उभा राहून धर्मग्रंथ वाचायचा. स्वयंपाकघर अठराव्या शतकात नव्याने केलेलं, टाइल्सनी मढवलेला १८ मीटर उंच धुरांडा आणि आल्कोआ नदीचा पाट थेट आत आणलेला. आईने त्या पाटात हात घातला आणि हसली. एवढ्या माणसांचं घासायला, धुवायला पाणी दारात, याचं मोल तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

१८३४ मध्ये पोर्तुगालने सगळे पुरुषांचे मठ बंद केले, साधू त्याआधीच इथून निघून गेले होते. आज इथे घंटा वाजते ती गावाची.

तिसरा दिवस : रणभूमी आणि संस्थापकाचं दालन

सकाळी बाताल्याकडे निघताना वाटेत सांव जॉर्जला उतरलो. इथेच १४ ऑगस्ट १३८५ रोजी अल्जुबारोटाची लढाई झाली. आता पाइन, झुडपं, कुंपण आणि एक छान माहिती केंद्र. उत्खननात पोर्तुगीजांनी खणलेले चर आणि खड्डे सापडले, घोडदळ अडकवण्यासाठी केलेले. कास्तीलचं सैन्य कितीतरी मोठं होतं. सेनापती नुनो आल्वारिश पेरेरा याने जागा अशी निवडली की मोठं सैन्य अरुंद तोंडात कोंबलं जावं. सोबत इंग्लिश तिरंदाज. संध्याकाळी काही तासांत निकाल लागला.

रणभूमीवर लढाईनंतर थोड्याच वर्षांत बांधलेलं लहानसं चॅपेल आहे. बाहेरच्या कोनाड्यात वाटसरूंसाठी पाण्याचा घडा ठेवायची रीत आहे, ऑगस्टच्या त्या उन्हात तहानेने तडफडलेल्या सैनिकांची आठवण म्हणून. पाणपोई! या एका गोष्टीसाठीसुद्धा मी इथे पुन्हा येईन. पलीकडच्या गावातली भट्टीवालीची दंतकथाही तिथे ऐकायला मिळते. तिने भट्टीच्या लांब फावड्याने लपलेल्या सात कास्तीली सैनिकांना मारलं म्हणे. आईला ही बाई पेद्रोपेक्षा जास्त आवडली.

आता ही लढाई कुणामुळे? इथे आल्कोबासाचा धागा परत हातात येतो. पेद्रोचा औरस मुलगा फेर्नान्दो १३८३ मध्ये वारला, त्याची एकुलती मुलगी कास्तीलच्या राजाला दिलेली. म्हणजे देश कास्तीलच्या घशात. दुसरे वारस कोण? इनेसचे मुलगे. आणि तिसरा एक होता, जुआंव, पेद्रोचा दुसऱ्या एका बाईपासून झालेला अनौरस मुलगा, आव्हिश या लढवय्या धार्मिक पंथाचा प्रमुख. १३८५ च्या वसंतात कोइंब्राच्या सभेत त्याच्या बाजूने कायदेपंडित जुआंव दाश रेग्राश उभा राहिला. त्याने एकेकाचा हक्क खोडून काढला. इनेसशी पेद्रोचं लग्न कायदेशीर नव्हतंच, म्हणून तिचे मुलगेही अनौरस. म्हणजे सिंहासन रिकामं, आणि रिकाम्या सिंहासनावर कुणाला बसवायचं हे सभेने ठरवायचं. सभेने जुआंवला बसवलं. एप्रिलमध्ये राजा झाला, ऑगस्टमध्ये अल्जुबारोटाला ते सिद्ध केलं.

काल त्या मुकुटासमोर उभी राहून मी जे वाचलं होतं, ते याच कोइंब्रामध्ये खोडलं गेलं होतं. बापाने दगडात मांडलेला दावा त्याच्याच दुसऱ्या मुलाच्या वकिलाने फेटाळला. दोन्ही ठिकाणं एकाच वारीत बघायची ती यासाठी. बसवाल्या सहलीत हे कुणी सांगत नाही, आणि न सांगितल्यामुळे आल्कोबासा नुसती प्रेमकथा उरते आणि बाताल्या नुसता विजयस्तंभ.

बाताल्याचा मठ जुआंवने लढाईआधी केलेल्या नवसाचा. दुसऱ्याच वर्षी काम सुरू झालं, मठ डॉमिनिकन पंथाला दिला. पहिला स्थपती आफोन्सो दोमिंगिश, १४०२ नंतर हुगेत. बाहेरून मधाच्या रंगाचा दगड, शेकडो शिखरं, कमानीवर कमान. आल्कोबासाच्या अगदी उलट. शेजारून हमरस्ता जातो. गाड्यांच्या आवाजापासून आणि धुरापासून वाचवायला मधे भिंत घालावी लागलीय, तरी गुरगुर ऐकू येतेच. एवढी वास्तू असताना रस्ता इतका जवळून नेला याचं मला फार वाईट वाटलं.

आत मधलं दालन ३२ मीटर उंच. दारातून आत आलं की जमिनीत एक शिळा आहे, मातेउश फेर्नान्दिश या नंतरच्या स्थपतीची आणि त्याच्या बायकोची. राजांच्या घरात स्थपतीला दाराशी का होईना जागा मिळाली, हे बघून बरं वाटलं. चर्च तसंच बघता येतं, पुढच्या दालनांसाठी तिकीट.

उजव्या हाताला संस्थापकाचं दालन. हुगेतने १४२६ ते १४३४ दरम्यान बांधलं, राजघराण्यासाठी मुद्दाम उभारलेली समाधीची वास्तू. चौरस खोली, मधे अष्टकोन, वर ताऱ्यासारखी कमानींची जाळी. १७५५ च्या भूकंपात वरचं शिखर पडलं, ते परत चढवलेलं नाही. अष्टकोनाच्या बरोबर खाली एकच मोठी पेटी आणि तिच्यावर दोन मूर्ती. जुआंव चिलखतात, शेजारी राणी फिलिपा, आणि दोघांचे उजवे हात एकमेकांत.

फिलिपा ही इंग्लंडच्या जॉन ऑफ गाँटची मुलगी. १३८६ मध्ये इंग्लंडशी विंडसरचा तह झाला, १३८७ मध्ये पोर्तोला लग्न. ती १४१५ मध्ये वारली, तो १४३३ मध्ये, नेमका १४ ऑगस्टला, लढाईच्या तारखेला. पेटी उंच आहे, खालून चेहरे नीट दिसत नाहीत. म्हणून की काय, हातच लक्षात राहतात. आई म्हणाली, “काल एकमेकांकडे पाय होते, आज हातात हात आहे. यांचं लग्न लागलं होतं ना रीतसर.” मी तिला म्हटलं, “आई, तेच तर दाखवायचंय त्यांना.” ज्याच्या आईबापांचं लग्न झालं नव्हतं, त्याने आपलं लग्न दगडात धरून ठेवलं. राणीचं माहेरचं चिन्ह, राजाचं चिन्ह, दोघांची बोधवाक्यं, सगळं पेटीवर आणि डोक्यावरच्या छत्रांवर. ‘आमच्यानंतर जे येतील ते इथूनच येतील,’ असं सांगणारी ही खोली आहे.

आणि ते भिंतीतच आहेत. दक्षिणेच्या भिंतीत चार कमानी, चार मुलगे. प्रत्येकाचं बोधवाक्य फ्रेंचमध्ये. फेर्नान्दो १४३७ च्या मोरोक्कोतल्या ताँजेरच्या फसलेल्या मोहिमेत ओलीस राहिला. पोर्तुगीजांनी तिथल्याच किनाऱ्यावर घेतलेलं सेउता परत दिलं असतं तर सुटला असता. दिलं नाही, १४४३ मध्ये तो फेजच्या कैदेत मेला. जुआंव. मग हेन्रिक, ज्याला पुढच्या जगाने नाविक राजपुत्र म्हटलं. चौघांत निजलेली मूर्ती फक्त त्याची आहे. आणि पेद्रो, राज्य सांभाळणारा, शहाणा, १४४९ मध्ये आल्फारोबेरामध्ये आपल्याच पुतण्याच्या, पाचव्या अफोन्सोच्या सैन्याशी लढताना मारला गेला. पश्चिमेच्या भिंतीत तो पाचवा अफोन्सो आहे. त्याला १९०१ मध्ये इथे आणलं. मारलेला काका आणि राजा पुतण्या, एका छताखाली. घराणं इतकं एकसंध दाखवणाऱ्या या खोलीत मला तेच दोघं जास्त वेळ दिसत राहिले.

अफोन्सोच्या शेजारी त्याचा मुलगा दुसरा जुआंव. याच्याजवळ थांबायचं माझं वेगळं कारण. १४८७ मध्ये याने पेरो द कोविल्यांव याला खुष्कीच्या मार्गाने पाठवलं. अरब व्यापाऱ्यांसोबत तो कन्नूर, कालिकत आणि गोवा बघून गेला, वास्को द गामाच्या दहा वर्षं आधी. तोवर आफ्रिकेचं टोक बार्तोलोमेउ दियाशने याच राजाच्या आज्ञेवरून ओलांडलं होतं. आपल्या किनाऱ्याची वाट या खोलीतून निघाली, असं म्हटलं तर वावगं नाही. हेन्रिकची पेटी आणि याची पेटी यांत चार-पाच पावलं.

चौथा दिवस : अपूर्ण राहिलेली दालनं

बाताल्याच्या मागच्या अंगाला, बाहेरून जावं लागतं. जुआंवचा मुलगा दुआर्त राजा झाला तेव्हा बापाच्या खोलीत आपल्याला जागा कशी मिळावी? त्याने स्वतःसाठी १४३७ मध्ये वेगळं अष्टकोनी समाधिगृह सुरू केलं, भोवती सात दालनं. पुढच्याच वर्षी तो साथीत गेला. हुगेतही गेला. काम थांबलं, पुढे सुरू झालं, परत थांबलं. भिंती उभ्या राहिल्या, मधल्या अष्टकोनावर छत कधीच आलं नाही. भले थोरले अर्धवट खांब आकाशात संपतात.

आणि तिथे शिरायचं दार! मातेउश फेर्नान्दिशचं, १५०९ मध्ये पूर्ण झालेलं, पंधरा मीटर उंच. कमानीच्या आत कमान, तिच्या आत कमान, प्रत्येकीची नक्षी वेगळी, आणि दुआर्तचं निष्ठेचं बोधवाक्य त्यात पुन्हा पुन्हा गुंफलेलं. कालची ती दाराशी असलेली शिळा याच माणसाची. दगड इतका पोखरलाय की मागचा उजेड झिरपतो. एवढं दार करून आत छत नाही! तरी मला ही जागा दोन्ही मठांत सर्वांत जास्त आवडली. कबुतरं, आकाश, एका कोपऱ्यात ओल. समोरच्या दालनात दुआर्त आणि राणी लिओनोर, हेसुद्धा हातात हात घेऊन, मूर्ती बऱ्याच खराब झालेल्या.

वसईच्या चर्चचं छत पडलं, इथलं चढलंच नाही. दोन्ही ठिकाणी पाऊस आत येतो. फरक इतकाच की इथे दगडाची काळजी घेणारं कुणीतरी आहे. आपल्याकडच्या शिळांवरची अक्षरं दर वर्षी थोडी थोडी जाताहेत. त्यांवरची नावं सगळी वाचून, छायाचित्रं काढून नीट नोंदवून ठेवायला हवीत, हे मी गंभीरपणे म्हणतेय. ते लोक परके होते म्हणून त्यांच्या शिळा परक्या होत नाहीत, आता त्या वसईच्या आहेत.

राजाच्या ओवऱ्यांत कमानींना दगडी जाळ्या आहेत, मानुएल राजाच्या काळातल्या. त्यात ख्रिस्तपंथ या पोर्तुगालच्या लढवय्या धार्मिक पंथाचा क्रूस आणि कड्यांचा खगोलगोल. हा गोल मानुएलचं निजी चिन्ह. जुन्या गोव्यात असिसीच्या संत फ्रान्सिस चर्चच्या दारावर अगदी हाच गोल आहे, आधीच्या चर्चचं ते दार नव्या इमारतीत सांभाळून ठेवलेलं. मातेउशचं दार पुरं झालं १५०९ मध्ये, गोवा पोर्तुगीजांकडे गेलं १५१० मध्ये. हे लक्षात ठेवून या जाळ्या बघाव्यात.

सभादालनात एकही खांब नसलेलं १९ मीटर चौरस छत आहे. ते पडेल अशी सगळ्यांना भीती होती, म्हणून आंधळा झालेला आफोन्सो दोमिंगिश तीन दिवस त्याखाली बसून राहिला, अशी दंतकथा. तिथे १९२१ पासून पहिल्या महायुद्धातल्या दोन अनाम सैनिकांची समाधी आहे, एक फ्लँडर्समध्ये पडलेला, एक आफ्रिकेत. पहारा असतो. राजांच्या मठात शेवटी नाव नसलेल्यांना जागा मिळाली. आई तिथे हात जोडून उभी राहिली, चारही दिवसांत फक्त तिथेच.

संध्याकाळच्या बसने लिस्बन.

पाचवा दिवस : बेलें

बाताल्याचं छत का राहिलं, याचं उत्तर लिस्बनच्या बेलें भागात आहे. मानुएल हा दुआर्तचा नातू, पण गादीचा सरळ वारस नव्हे. दुसऱ्या जुआंवचा एकुलता औरस मुलगा १४९१ मध्ये घोड्यावरून पडून मेला म्हणून गादी चुलतभावाकडे, मानुएलकडे आली. भारताचा माल बंदरात यायला लागल्यावर त्याने पैसा आणि कारागीर इकडे जेरोनिमुश मठाकडे वळवले आणि आपलं थडगं इथेच ठेवायचं ठरवलं. आजोबांचं समाधिगृह छताविना राहिलं.

दारातच वास्को द गामा आणि कवी कामोइंश यांच्या पेट्या, पण त्या एकोणिसाव्या शतकातल्या. कामोइंश सैनिक म्हणून गोव्यात राहिला होता आणि त्याच्या महाकाव्यात इनेसलाही जागा आहे, म्हणून तिथे घटकाभर थांबलो. मग पुढे वेदीपाशी गेलो. मानुएल आणि त्याचा मुलगा तिसरा जुआंव, दोघांच्या राण्यांसह. वेदीचा हा भाग १५७० च्या दशकातला, मध्ययुग केव्हाच संपलेलं. मूर्ती नाहीत, साध्या टोकदार पेट्या, आणि प्रत्येक पेटी संगमरवरी हत्तींच्या पाठीवर.

पेद्रोखाली सिंह होते, इनेसखाली माणसाच्या तोंडाची जनावरं. मानुएलने १५१४ मध्ये पोपला खरा हत्ती भेट पाठवला होता, आपल्याकडून नेलेला. राजेपण कशावर उभं आहे हे दाखवायला आता सिंह पुरेसा नव्हता, समुद्रापलीकडचं जनावर लागलं. कान थोडे चुकलेत, सोंडा छान जमल्यात. आई दोरीच्या अलीकडून बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती. मग म्हणाली, “याने तर सगळ्यांत जास्त ओझं आपल्यावरच टाकलंय.”

जायचं असेल तर याच क्रमाने जा, आधी आल्कोबासा, मग बाताल्या, शेवटी बेलें. आल्कोबासाला रात्रीचा मुक्काम जरूर करा, सकाळी दार उघडल्यावर पहिला अर्धा तास चर्च जवळजवळ रिकामं असतं. बाताल्याची अपूर्ण दालनं मागच्या बाजूला आहेत, वेगळं जावं लागतं, बरेच जण न बघताच परततात. आणि थडग्यांच्या कडा वाचायला बसा, नुसते चेहरे बघून निघू नका. पेद्रोचं ते चक्र खालून सुरू करून डावीकडून वर वाचत जा.